चित्रपटाचे पाठभेद

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. तो एका चित्रपटाच्या शेवटावरून झाला असें सांगितलें, तर वाचकांस हंसूं येईल; परंतु त्या वादाच्या पोटीं जी गोष्ट निघाली, ती हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, आणि म्हणूनच ती येथें थोड्या विस्तारानें सांगावी असें आम्हांस वाटलें.

आमचे चुलते, ज्यांस घरांतील लहानथोर सर्व मंडळी अण्णा म्हणतात, त्यांचें वय आज ७८ वर्षांचें आहे. पाडव्याच्या दिवशीं फराळ आटोपून सर्वजण दिवाणखान्यांत बसलीं असतां, परदेशांतून सुटींत आलेल्या आमच्या पुतण्यानें 'शोले' या चित्रपटाचा विषय काढला. अखेरीस ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनीं गब्बरसिंगास तुडवून ठार करतो, तो प्रसंग कसा अंगावर कांटा आणणारा आहे, हें तो सांगूं लागला. अण्णा मध्येंच म्हणाले, "छे, ठार कोठें करतो? ऐन वेळीं पोलीस येतात आणि ठाकुराला आंवरतात. मीं मुंबईस मिनर्व्हांत चारदां पाहिला आहे." पुतण्या म्हणाला, "अण्णा, मीं गेल्याच महिन्यांत पाहिला. पोलीस येतच नाहींत."

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. गेलीं दोन वर्षें अण्णांस विसर पडूं लागला आहे. चष्मा, किल्ल्या, क्वचित् एखाद्या नातवाचें नांवही त्यांस आठवत नाहीं, आणि डॉक्टरांनीं आम्हांस त्याची सूचना देऊन ठेविलीच होती. त्यामुळें सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि वहिनींनीं चकल्यांचें ताट पुढें सरकवून विषय बदलला. अण्णांनीं तें पाहिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते एकटेच आमच्या खोलींत आले आणि म्हणाले, "त्या पोलिसांचें काय रे? माझ्या मनांतलेच का ते?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं जो खटाटोप केला, त्यांतून हा लेख निघाला आहे.

खटाटोपाचें फळ प्रथमच सांगून टाकतों. अण्णा खरे होते, आणि पुतण्याही खरा होता. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनीं प्रथम जी अखेर चित्रित केली, तींत ठाकुराच्या हातून, किंबहुना हात नसल्यामुळें पायांखालीं, गब्बरसिंग मरतो. परंतु २५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली होती. एका माजी पोलीस अधिकाऱ्यानें कायदा बाजूस ठेवून गुन्हेगाराचा सूड घ्यावा, हें त्या दिवसांत सेन्सॉर मंडळास कसें रुचावें? तेव्हां पोलीस येऊन ठाकुरास थांबवितात व गुन्हेगार कायद्याच्या स्वाधीन होतो, असा नवा प्रसंग चित्रित करण्यांत आला. आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजीं लोकांपुढें आला तो हाच. मूळ अखेर मात्र नष्ट झाली नाहीं. ती पुढें घरगुती चित्रफितींतून बाहेर पडली. आणि २०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील बोलोन्या येथील महोत्सवांत, फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेनें पुनरुद्धार केलेली प्रत त्याच मूळ अखेरीसह दाखविली गेली. म्हणजे एकाच घरांतील दोन पिढ्यांनीं एकाच नांवाचे दोन चित्रपट पाहिले होते, आणि दोघांसही त्याची वार्ता नव्हती.

आपल्या घरांत पाठभेद हा शब्द कांहीं नवा नाहीं. हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांत लेखकागणिक फरक पडत जातो, हें आपले आजे-पणजे जाणून होते. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढें कोणीं तींत पदरची ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. पोथीच्या बाबतींत आपण इतके सावध. परंतु चित्रपट हा यंत्रानें छापला जातो, तेव्हां त्याच्या सर्व प्रती सारख्याच असणार, असें आपण धरून चालतों. हा समज पूर्वींही खरा नव्हता, आणि महाजालावरून घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या स्ट्रीमिंग सेवा आल्यापासून तर तो मुळींच खरा राहिलेला नाहीं.

एका सेवेवर चित्रपट दहा मिनिटांनीं आंखूड दिसला कीं तिनेंच कात्री चालविली, असें प्रेक्षक म्हणतो. कित्येकदां तें चूक असतें. यांतील बहुतेक सेवा त्यांनीं स्वतः निर्माण न केलेल्या चित्रपटांच्या मालक नसतात. त्या भाडेकरू असतात. ठराविक देशापुरता, ठराविक मुदतीपुरता, चित्रपट दाखविण्याचा हक्क त्या विकत घेतात, आणि हक्क देणारा जी प्रत पाठवील ती दाखवितात. आतां, एकाच चित्रपटाचे भारतांतील हक्क एकाकडे, युरोपांतील दुसऱ्याकडे, आणि पुढें वाढवून केलेल्या प्रतीचे तिसऱ्याकडे असूं शकतात. प्रत्येकाच्या कपाटांत जी प्रत असेल ती तो देतो. ती केव्हां व कोणासाठीं तयार झाली होती, याची चौकशी करण्याइतका वेळ घेणाऱ्यासही नसतो आणि देणाऱ्यासही नसतो.

परंतु मुळांत अशा निरनिराळ्या प्रती निर्माण कां व्हाव्यात? याचें जुनें कारण म्हणजे दिग्दर्शक आणि पैसा घालणारा यांच्यामधील ओढाताण. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याचा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट जानेवारी १९२७ मध्यें बर्लिन येथें प्रथम दाखविला गेला. तो फार लांब आहे असें ठरून अमेरिकेसाठीं त्याची काटछांट झाली, आणि पुढें जर्मनींतही छाटलेलाच चित्रपट फिरूं लागला. कापलेला भाग कायमचा गेला असेंच सर्वांनीं गृहीत धरलें होतें. पुढें २००८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील ब्यूनोस आयरीझ शहराच्या एका संग्रहालयांत जवळजवळ संपूर्ण अशी एक झिजलेली प्रत सांपडली, आणि तिच्या आधारें सिद्ध केलेला पाठ २०१० सालीं पुन्हां बर्लिनमध्येंच दाखविण्यांत आला. रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर' या १९८२ सालच्या चित्रपटास निर्मात्यांनीं नायकाच्या तोंडचें निवेदन व एक सुखाचा शेवट जोडला. १९९२ सालीं तीं दोन्ही काढून टाकलेली प्रत आली, आणि २००७ सालीं दिग्दर्शकानें स्वतः हात फिरविलेली शेवटची प्रत आली. आज हा चित्रपट पाहावयास बसणाऱ्यानें यांतील कोणता, हें प्रथम विचारलें पाहिजे.

या ओढाताणीचें मूळ बहुधा वेळांत असतें. चित्रगृहांत दिवसास चार खेळ व्हावयाचे असतील, तर तीन तासांच्या वर गेलेलें प्रत्येक मिनिट मालकास जड जातें. घरच्या पडद्यास ही अडचण नाहीं. म्हणून कापलेला भाग घरच्या प्रतींत परत येतो. शाहरुख खान यांचा 'जवान' २०२३ सालीं नेटफ्लिक्सवर आला तो चित्रगृहांतल्यापेक्षां कांहीं मिनिटांनीं वाढूनच. प्रेक्षकास अधिक मिळाल्याचा आनंद होतो, आणि चित्रपट पुन्हां एकदां पाहावयास निमित्तही मिळतें. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हें दुसरें कांहीं कमी महत्त्वाचें नाहीं.

दुसरें मोठें कारण सरकारचें. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याप्रमाणें चित्रगृहांत दाखवावयाच्या चित्रपटास प्रमाणपत्र लागतें. दूरचित्रवाणीसाठीं नियम याहून कडक, कारण तेथें केवळ प्रौढांसाठीं असलेला चित्रपट चालत नाहीं, आणि त्यासाठीं निर्माता पुन्हां कांहीं भाग गाळतो. स्ट्रीमिंग सेवांस मात्र असें प्रमाणपत्र आगाऊ घ्यावें लागत नाहीं. २०२१ च्या नियमांनुसार त्यांनीं स्वतःच वयोगट ठरवून तो पडद्यावर दाखवावयाचा असतो. येणेंप्रमाणें एका चित्रपटाच्या तीन प्रती कायदेशीरपणेंच जन्मास येऊं शकतात. मोकळीक असूनही कित्येक सेवा प्रमाणपत्र मिळालेली, म्हणजे छाटलेलीच, प्रत पसंत करतात. कारण कोणीं तक्रार केली तर तिच्या आडोशास उभें राहतां येतें. परदेशांतील ग्राहकास त्याच वेळीं न छाटलेली प्रत मिळत असेल, तर मुंबईची बहीण आणि लंडनचा भाऊ यांच्यांत आमच्या दिवाणखान्यांतलाच वाद होणार हें उघड आहे.

सरकारी मर्जीनें झालेला एक बदल तर 'शोले'च्या गोष्टीचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. डेव्हिड फिंचर यांच्या 'फाइट क्लब' या १९९९ सालच्या अमेरिकन चित्रपटाच्या अखेरीस मोठमोठ्या इमारती स्फोटानें कोसळतात. जानेवारी २०२२ मध्यें चीनमधील एका स्ट्रीमिंग सेवेवर तो आला, तेव्हां तो प्रसंगच नव्हता. त्याऐवजीं पडद्यावर अक्षरें उमटत, कीं पोलिसांस या कटाचा वेळींच सुगावा लागला व सर्व गुन्हेगार पकडले गेले. जगभर हंसें झाल्यावर पुढच्याच महिन्यांत कापलेला बहुतेक भाग परत घालण्यांत आला. सेहेचाळीस वर्षांच्या अंतरानें, दोन निरनिराळ्या देशांत, गोष्टीचा शेवट पोलिसांच्याच स्वाधीन करावासा वाटला, हें विचार करण्याजोगें आहे.

आणि सरकारी कात्रीची ओळख आम्हां मराठी मंडळींस स्वातंत्र्यापूर्वींपासूनची आहे. प्रभात कंपनीनें १९३५ सालीं एकनाथमहाराजांच्या चरित्रावर बोलपट काढला. शांताराम बापूंचें दिग्दर्शन, आणि नाथांच्या भूमिकेंत साक्षात् बालगंधर्व. त्याचें नांव 'महात्मा' ठेविलें होतें. ब्रिटिश अंमलांत त्या शब्दानें एकाच व्यक्तीची आठवण होत असे. म्हणून सेन्सॉरनें हरकत घेतली, आणि बोलपट 'धर्मात्मा' या नांवानें बाहेर आला. ज्या सत्पुरुषानें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्याच्याच चित्रपटाच्या नांवास पाठभेद चिकटला!

तिसरें कारण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, तें संगीताचें. एखादें पूर्वीं गाजलेलें गाणें आपल्या कृतींत घालावयाचें, तर त्याच्या मालकास पैसे द्यावे लागतात. आणि जुन्या करारांत चित्रगृह व दूरचित्रवाणी एवढींच नांवें असत, कारण महाजालाची कल्पनाच कोणाच्या मनांत नव्हती. आतां पुन्हां करार करावयाचा तर मालक भारी रक्कम मागतो. मग कृतींतील तें गाणें काढून तेथें स्वस्तांतलें दुसरें बसवितात. 'डॉसन्स क्रीक' या अमेरिकन मालिकेच्या आरंभीचें प्रसिद्ध गाणें अशा रीतीनें कांहीं वर्षें बदललें गेलें होतें. ज्यांच्या तारुण्याची आठवण त्या गाण्याशीं बांधलेली, त्यांस तें किती खुपलें असेल, हें नाट्यगीतांवर वाढलेल्या आपल्या घरांस वेगळें सांगावयास नको.

कांहीं भेद मात्र भासमान असतात, तेही जाणून घ्यावेत. चित्रपट सेकंदास २४ चित्रांच्या गतीनें घेतला जातो. युरोपांतील व आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीची गति सेकंदास २५ चित्रांची होती, आणि म्हणून तिच्यासाठीं केलेल्या प्रतींत चित्रपट किंचित् वेगानें धांवतो. दोन तासांचा चित्रपट तेथें सुमारें ११५ मिनिटांत संपतो, आणि त्यांतील एक चित्रही कापलेलें नसतें. अशी जुनी प्रत एखाद्या सेवेच्या हातीं आली, तर पांच मिनिटें कोठें गेलीं म्हणून आपण उगाच शोधीत बसतों. याउलट, मिनिटें तीं न् तींच असूनही भाग गेलेला असूं शकतो. जुन्या चित्रांची चौकट चौरसाच्या जवळची. आजचा पडदा रुंद. तो भरून दिसावा म्हणून वरचा व खालचा भाग छाटतात. 'द सिम्प्सन्स' या व्यंगचित्रमालिकेंत मद्याच्या कारखान्यांतील तीन निरनिराळ्या नांवांचीं पिंपें एकाच नळांतून भरतात, असा एक विनोद आहे. २०१९ सालीं डिस्नेच्या सेवेवर ती रुंद करून दाखविली, तेव्हां वरचा नळच कापला गेला, आणि पिंपें तेवढीं उरलीं. लोकांनीं ओरड केल्यावर पुढच्या वर्षीं मूळ चौकटीची सोय झाली.

येथपर्यंत सांगितलेलीं कारणें व्यवहारांतलीं आहेत, आणि समजून घेतलीं म्हणजे राग येण्याचें फारसें कारण राहत नाहीं. परंतु अलीकडे जें सुरू झालें आहे, तें निराळ्या जातीचें आहे. कपाटांतील पोथी रात्रींतून बदलत नाहीं. आजोबांनीं समासांत लिहिलेली टीप नातवास तेथेंच सांपडते. स्ट्रीमिंग सेवेवरील चित्रपट आपल्या घरांत नसतोच. तो दूरच्या यंत्रावर असतो, आणि तेथील प्रत बदलली कीं त्याच क्षणीं सर्व घरांतली बदलते. 'द फ्रेंच कनेक्शन' या १९७१ सालच्या, उत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळविलेल्या चित्रपटांतून वंशद्वेषाचा शब्द असलेलें कांहीं सेकंदांचें संभाषण गायब झालें आहे, हें जून २०२३ मध्यें प्रेक्षकांच्याच ध्यानांत आलें. आगाऊ सूचना कोणासही नव्हती. तो शब्द वाईटच आहे. परंतु नायक कसा माणूस आहे हें दाखविण्यासाठींच तो घातलेला होता. वाईट शब्द पुसल्यानें जुना काळ चांगला होत नाहीं. तो कसा होता हें कळण्याचें साधन मात्र जातें.

याच्याही पुढची पायरी २०२५ सालीं आपल्या देशांत ओलांडली गेली, जरी ती चित्रगृहांत. 'रांझणा' हा २०१३ सालचा हिंदी चित्रपट नायकाच्या मृत्यूनें संपतो. हक्क असलेल्या कंपनीनें त्याची तामिळ प्रत ऑगस्ट महिन्यांत पुन्हां प्रकाशित केली, तेव्हां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें शेवट बदलून नायकास जिवंत केलें होतें. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनींही जाहीर निषेध केला. पूर्वीं शेवट बदलावयाचा तर नटांस पुन्हां बोलवावें लागे, म्हणजे निदान त्यांस कळत तरी असे. आतां तेंही उरलें नाहीं.

कायदा काय म्हणतो, असें वाचक विचारतील. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमानें आपली कृति विद्रूप होऊं न देण्याचा हक्क कर्त्यास दिला आहे. परंतु त्याच कायद्यानें चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता असें ठरविलें आहे. दिग्दर्शकाची बाजू लंगडी पडते ती येथें. फ्रान्समध्यें दृष्टि निराळी आहे. जॉन ह्यूस्टन यांचा 'द ॲस्फाल्ट जंगल' हा १९५० सालचा कृष्णधवल चित्रपट रंग चढवून दाखविण्याचा घाट तेथील दूरचित्रवाणीनें घातला, तेव्हां त्यांच्या वारसांनीं दाद मागितली, आणि १९९१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क मान्य केला. घर विकलें तरी देव्हारा विकला जात नाहीं, असा कांहींसा हा विचार आहे, आणि तो आम्हांस पटतो.

मग गृहस्थानें काय करावें? चित्रपट लावण्यापूर्वीं त्याचें साल व मिनिटें पाहावीं, आणि नांवापुढें वाढीव, दिग्दर्शकाची किंवा अंतिम प्रत असें कांहीं लिहिलें आहे का, तें पाहावें. भाषाही पाहावी, कारण प्रभातचे 'कुंकू' व 'दुनिया न माने' हे १९३७ सालचे चित्रपट एकमेकांचे अनुवाद नसून दोन्ही भाषांत स्वतंत्र चित्रित केलेले आहेत. जो चित्रपट घरास प्रिय असेल, त्याची तबकडी मिळत असल्यास ती विकत घेऊन ठेवावी. आणि १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था आपल्याच आहेत, हें विसरूं नये. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उरलेली नाहीं. ज्याची प्रत नाहीं, त्याचा पाठभेदही नाहीं.

आणखी एक गोष्ट करावी, तिला पैसा लागत नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांनीं कोणता चित्रपट कोठें पाहिला व त्यांत काय होतें, हें त्यांना विचारून वहींत टिपून ठेवावें. 'मेट्रोपोलिस'ची झिजलेली प्रत जशी एका कोपऱ्यांत पडून होती, तशा कित्येक प्रती आपल्या घरांतील आरामखुर्च्यांवर बसलेल्या आहेत.

भाऊबिजेच्या रात्रीं आम्हीं पुतण्याच्या मदतीनें दोन्ही शेवट एकामागून एक लावले. अण्णा पुढें वांकून पाहत होते. ऐन वेळीं पोलीस आले, तेव्हां त्यांनीं आमच्याकडे वळूनही पाहिलें नाहीं. फक्त खुर्चींत मागें टेकून बसले. पुतण्यानें उठून त्यांच्या पायांना हात लावला. वहिनी म्हणाल्या, "आम्हीं उगीच गप्प बसलों त्या दिवशीं."

अण्णांचा विसराळूपणा यामुळें बरा झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. काल त्यांचा चष्मा पुन्हां देवघरांत सांपडला. परंतु आतां त्यांनीं कांहीं सांगितलें, आणि तें आमच्या माहितीशीं जुळलें नाहीं, तर आम्ही एकमेकांकडे पाहण्यापूर्वीं दुसरी प्रत शोधतों.